मनगटाचे मोजमाप

अपघाताचा दावा लावला आहे असे कळले, की लोक दोनच गोष्टी विचारतात. किती वर्षे चालला आणि किती मिळाले. आम्हाला हे इतक्या जणांनी विचारले, की उत्तरे आता पाठ झाली आहेत. तिसरा एक प्रश्न आहे, तो मात्र कुणी विचारत नाही. दाव्यात स्वतः उतरल्याशिवाय तो सुचतही नाही. न्यायालय नेमके कशाचे पैसे देते? मोडलेल्या हाडाचे, सोसलेल्या दुखण्याचे, भरलेल्या बिलांचे, की आणखी कशाचे? माझी सगळी नोकरी बँकेत कारकुनी करण्यात आणि खाती जुळवण्यात गेली, तेव्हा असा प्रश्न डोक्यात घोळणे साहजिक होते. उत्तर मात्र मला माझ्या दाव्यातून मिळाले नाही. ते बायकोच्या दाव्यातून मिळाले.

2018 च्या मे महिन्यात आम्ही दोघे स्कूटरवरून कराड-विटा रस्त्याने एका लग्नाला निघालो होतो. पेट्रोल पंपातून एक पिकअप राँग साइडने रस्त्यावर आली आणि आम्हाला धडकली. माझ्या उजव्या पायाची नडगी मोडली. मागे बसलेल्या बायकोने पडताना हात टेकला आणि तिचे उजवे मनगट गेले. पिकअपचा चालक थांबला, पंपावरच्या मुलांनी 108 ला फोन केला. मला प्लेट बसवली, तिच्या मनगटात तारा घालून वर प्लास्टर घातले. अपघात एक, गुन्हा एक, पंचनामा एक. पण जखमी दोन, म्हणून दावेही दोन झाले.

प्लास्टर पुरते वाळले नव्हते तोवर एक गृहस्थ खाटेशेजारी येऊन बसला. त्याला आमची नावे, गाडीचा नंबर, पोलीस ठाणे सगळे ठाऊक होते. "तुम्ही फक्त सह्या करा, काका. मिळेल त्यात आमचे ठरलेले टक्के. नाही मिळाले तर एक रुपया नको." निकालातल्या रकमेवर टक्के ठरवून वकिलाने फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे त्याला माहीत नसेल असे नाही. अशा मंडळींमुळे या दाव्यांकडे संशयाने पाहिले जाते, आणि तो संशय अगदीच बिनबुडाचा नाही. उत्तर प्रदेशात बनावट अपघातदाव्यांच्या चौकशीसाठी 2015 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले होते. खऱ्या जखमीला उलटतपासणीत जे ऐकून घ्यावे लागते, त्यात या खोट्या जखमींचाही वाटा असतो.

आम्ही आमच्या गावातल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला, तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो, ही पहिली दिलासा देणारी गोष्ट त्यांच्याकडून कळली. 1956 पूर्वी अशा जखमीला साध्या दिवाणी दाव्याचाच रस्ता होता. त्या वर्षी 1939 च्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद आली. 1988 च्या आजच्या कायद्यातही तीच रचना आहे. कलम 166 खाली अर्ज करायचा आणि कलम 168 खाली न्यायाधिकरणाने न्याय्य वाटेल ती भरपाई द्यायची. पुरावा फौजदारी खटल्याइतका काटेकोर लागत नाही. कुणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढे पाहिले जाते. तृतीय पक्ष विमा सक्तीचा असल्यामुळे पैसे बहुधा विमा कंपनीच्या खिशातून जातात. म्हणून मालक आणि चालक अनेकदा फिरकतच नाहीत, त्यांच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालतो, आणि खरा सामना जखमी आणि विमा कंपनीचा वकील यांच्यात होतो.

कागद गोळा करायला लागलो तेव्हा दोन फायलींमधला फरक डोळ्यांत भरू लागला. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोलिसांनी दिलेला कॉम्प एए फॉर्म, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले दोघांचीही होती. त्यापुढे माझ्या फायलीत पगारपत्रके, फॉर्म 16, रजेचा दाखला आणि शाखाधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्याचे पत्र. बायकोच्या फायलीत त्या जागी अर्जातली एक ओळ होती: 'अर्जदार घरगुती पोळ्या करून देण्याचा व्यवसाय करीत होती.' वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "वहिनी, याला कागद काय आहे?"

कागद नव्हता. कित्येक वर्षे ती पोळ्या करून देत होती, रोज ऐंशीच्या आसपास. नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी घरी जाताना घेऊन जात, एकटे राहणारे दोन-तीन आजोबा डबा पाठवत. पैसे रोख, महिनाअखेरीला. दुकान नाही, पाटी नाही, पावती नाही. त्या पैशांतून मुलीच्या क्लासची फी गेली, एकदा फ्रीज आला, सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. माझ्या पगाराचा आकडा घरात सगळ्यांना माहीत. तिच्या पोळ्यांचा महिन्याचा आकडा मात्र तिलाही एका दमात सांगता येईना.

पुरावा शेवटी कपाटात सापडला. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकटींत ती रोजचे आकडे लिहीत असे. वर दुधाचे खाडे, खाली पोळ्या: कु. 10, जो. 6, आजोबा 4. वर्ष संपले की ती कॅलेंडरे फेकत नसे, कपाटाच्या फळ्यांवर अंथरी. डाळी-साळीचे डबे उतरवून आम्ही ती एकेक करून काढली. काहींवर तेलाचे गोल डाग, काहींच्या कडा झुरळांनी खाल्लेल्या. तशीच यादीसोबत दाखल केली. हे काही हिशेबाचे पुस्तक नव्हे, अशी विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. हरकत नोंदली गेली आणि कॅलेंडरांवर निशाणी क्रमांकही पडला. रोज दहा पोळ्या नेणाऱ्या एक बाई शाळेतून अर्धी रजा टाकून साक्षीला आल्या आणि पोळीचा भाव कोणत्या वर्षी किती होता तेही सांगून गेल्या.

मग आले वैद्यकीय मंडळ. तिथे डॉक्टरांनी तिचे कोपर टेबलावर टेकवायला लावले आणि कोन मोजायची पट्टी मनगटाला लावली. हात वर वाकवा. खाली. आता तळवा पालथा करा. आता उताणा. पालथा झाला; उताणा होता होता अर्ध्यात अडकला. पकडीची ताकद पाहायला एक यंत्र दाबायला दिले. प्रत्येक आकडा शेजारी बसलेल्या मुलीला सांगत डॉक्टर पुढे सरकत होते. सगळे दहा मिनिटांत आटोपले आणि दाखल्यावर आले: उजव्या हाताचे कायमचे अपंगत्व 18 टक्के.

हा आकडा म्हणजे निकाल, असे आम्हाला वाटले होते. तिथून तर वादाला सुरुवात झाली. विमा कंपनीचे म्हणणे, 18 टक्के हे हाताचे; सगळ्या शरीराच्या हिशेबाने ते 6 टक्केच भरतात. वकीलबाईंनी राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल पुढे ठेवला. अशा दाव्यांत आज सर्रास त्याचा आधार घेतला जातो, आणि त्यातले तत्त्व कुणालाही समजेल असे आहे. डॉक्टर शरीराची हानी मोजतात. कमाईच्या ताकदीची हानी न्यायाधिकरणाने मोजायची असते, आणि हे दोन आकडे एक असतीलच असे नाही. त्या निकालात उदाहरणही दिले आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाईची ताकद जवळजवळ पूर्ण जाऊ शकते; सरकारी नोकरीतल्या कारकुनाची नोकरी मात्र त्याच कारणाने जाईलच असे नाही.

मी कारकूनच. उदाहरण ऐकले तेव्हा खरे सांगायचे तर बरे वाटले नाही. पायात प्लेट, जिना उतरताना कठड्याचा आधार, पावसाळ्यात ठणका, आणि कायद्याच्या लेखी माझे पुढचे नुकसान जवळपास शून्य. कारण बँकेने मला परत घेतले, पगार पूर्वीइतकाच राहिला. अपघातात खर्ची पडलेली रजा, उपचारांचा खर्च, दुखण्याचे म्हणून काही, एवढेच माझे. फाइल सगळ्यात जाड आणि मागणी सगळ्यात लहान! पण एकदा राग ओसरला, की त्यातला सरळपणा पटतो. माझे काम पायाने होत नव्हते. तिचे काम त्या मनगटानेच होत होते: कणीक मळणे, तिंबणे, लाटणे, तव्यावरची पोळी उलटणे.

माझा दावा लोकअदालतीत मिटला. विमा कंपनीचे अधिकारी समोर बसले होते, नम्र आणि घाईत. "साहेब, गाडी चालवताना थोडी चूक तुमचीही असणारच ना?" ते म्हणाले. पंचनाम्यात पिकअप कुठून कशी आली ते स्वच्छ लिहिलेले होते, तरीही घासाघीस करायला तेवढा मुद्दा पुरतो. चालवणाऱ्याची अंशतः चूक धरली गेली, तर त्याची भरपाई तेवढ्या प्रमाणात कापली जाते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, पैसे लवकर येतात. मी थोडे सोडले आणि सही केली. बायकोसाठी त्यांनी जी रक्कम सुचवली ती तिला सांगितली. तिने विचारले, "यात पोळ्या किती धरल्यात?" पोळ्या धरलेल्याच नव्हत्या. तिचा दावा पुढे चालू राहिला.

या टप्प्यावर कायद्यातला एक बारकावा आमच्या घरात शिरला. मागे बसलेल्या माणसाच्या बाबतीत दोन चालकांच्या चुकांची वाटणी त्याच्या भरपाईतून वजा होत नाही. दोघांच्या निष्काळजीपणाने तिसरा जखमी झाला, तर तो दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती माझ्या मागे बसलेली असली, तरी माझी नव्हती. माझ्याविरुद्धही तिचा हक्क शाबूत होता. विमा कंपनीने तरीही मुद्दा सोडला नाही. स्कूटरच्या मालकाला, म्हणजे मला, आणि माझ्या विमा कंपनीला सामनेवाले केलेले नाही, म्हणून दावा सदोष आहे, असे त्यांच्या कैफियतीत होतेच.

उलटतपासणीत वकिलांनी तिला विचारले, "तुमचे मिस्टर गाडी जोरात चालवत होते ना?" ती म्हणाली, "जोरात चालवायची सवय असती तर आम्ही प्रत्येक लग्नात अक्षता पडल्यावर पोचलो नसतो." न्यायाधीश हसले. साक्षीच्या कागदावर यातले काही उतरले नाही. तिथे उमटले ते नेहमीचे वाक्य: 'हे म्हणणे खरे नाही की माझे पती गाडी भरधाव वेगाने चालवत होते.' साक्ष अशीच लिहिली जाते. माणूस बोलतो एक आणि कागद त्याचे हो-नाही तेवढे ठेवतो.

पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा होता. "तुम्ही आता घरी पोळ्या करता, हे खरे आहे का?"

या प्रश्नाची तिला वर्षभर धास्ती होती. फिजिओथेरपीत रबरी चेंडू दाबण्यापासून सुरुवात झाली होती. मग ओला टॉवेल पिळणे, मग कणकेचा छोटा गोळा. पहिली नीट गोल पोळी फुगली तेव्हा घरात जल्लोष झाला, आणि त्याच रात्री तिने हळूच विचारले, "आता केस कमजोर होईल का हो?" दाव्याच्या वाटेवर जखमी माणसाची ही एक विचित्र कोंडी होते. डॉक्टर सांगतात, हात वापरा. मनात कुणीतरी सांगते, फार वापरलेला दिसू नका. बरे होण्याची प्रत्येक खूण म्हणजे समोरच्याला मिळालेला मुद्दा वाटू लागते. काहीजण या भीतीपोटी व्यायाम सोडतात, कामावर जायचे लांबवतात, आणि दाव्यापेक्षा मोठे नुकसान स्वतःच्या हाताने करून घेतात. वकीलबाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते, "हात जितका बरा होईल तितका होऊ द्या. लपवायचं काही नाही. विचारलं की आहे तेवढं सांगायचं."

तिने तेच केले. "करते," ती म्हणाली. "घरच्या आठ करते. ऑर्डरच्या ऐंशी करत होते."

यापुढे वकिलांनी त्या विषयावर काही विचारले नाही. वैद्यकीय मंडळाची पट्टी, 18 टक्के की 6 टक्के हा वाद, निकालांची पाने, या सगळ्यांतून जे नेमके सांगायचे होते ते त्या दोन आकड्यांत आले होते. हात आहे, हलतो, काम करतो. पण रोजगाराचे काम करू शकत नाही. न्यायालय नेमके कशाचे पैसे देते, या माझ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच होते. आठ आणि ऐंशी यांमधल्या अंतराचे.

दुखण्याचे पैसे मिळत नाहीत असे नाही. 'वेदना व यातना' असा एक स्वतंत्र रकाना असतो, जगण्यातल्या सुखसोयी गमावल्याचा आणखी एक. हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पैशांत मोजता येणारे नुकसान आणि न मोजता येणारे नुकसान यांची फोड केली, आणि दुसऱ्या प्रकारात थोडा अंदाज, थोडी गृहीतके आणि थोडी सहानुभूती येणारच, हे मोकळेपणाने मान्य केले. म्हणून या रकान्यांत गोल आकडे येतात. रात्री-अपरात्री हात उशीवर ठेवून बसून काढलेल्या तासांना आधाराला काही कागद नसतो. त्यावर न्यायाधीशांनी तरी काय करावे?

घरकामाचा प्रश्न त्याहून अवघड. पोळ्यांच्या ऑर्डरी बाजूला ठेवल्या, तरी घरचे सगळे तीच करत होती, आणि ते काही महिने शेजारी, मुलगी आणि कुबड्या घेतलेला मी यांच्यात वाटले गेले. या कामाला मोल आहे हे कायद्याने एकदम मानले नाही. 1994 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचे मानीव उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरले होते. जमशेदपूरच्या 1989 च्या आगीसंबंधीच्या लता वाधवा प्रकरणात, 2001 साली, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या सेवेचे मोल महिना 3,000 रुपये धरले. पुढे 2021 मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायालयाने सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते, पुरुष 97. परिशिष्टापासून या निकालापर्यंतच्या प्रवासाला तशी बरीच वर्षे लागली. पण आमच्या घरात तो प्रवास सुरूच झाला नव्हता, हे या दाव्याने दाखवले.

करोनाच्या काळात न्यायालये बंद-सुरू होत राहिली आणि निकाल 2023 मध्ये लागला. त्यातले गणित मी बँकवाल्याच्या सवयीने पुन्हा पुन्हा तपासले. न्यायाधिकरणाने कॅलेंडरे आणि साक्ष धरून पीठ-गॅसचा खर्च वजा जाता तिचे उत्पन्न महिना 8,000 रुपये मानले, वर्षाचे 96,000. अपघाताच्या वेळी तिचे वय 47. स्वतःचा व्यवसाय असलेल्या 40 ते 50 वयाच्या माणसाचे उत्पन्न पुढे वाढले असते, म्हणून त्यात 25 टक्के मिळवायचे, हे 2017 च्या प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठाने ठरवले. जखमींच्या दाव्यांतही ही वाढ धरायची, हे 2020 मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात पक्के झाले. म्हणजे 1,20,000. याला गुणक 13, कारण सरला वर्मा प्रकरणातल्या 2009 च्या कोष्टकात 46 ते 50 वयाला तो आहे. कामाची वर्षे याहून जास्त उरलेली असली तरी गुणक लहान ठेवतात, कारण रक्कम एकदम हातात येते आणि आयुष्यातले बाकीचे भरवसे कुणी देत नाही. झाले 15,60,000. कमाईची हानी न्यायाधिकरणाने 20 टक्के धरली, मंडळाच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त, कारण व्यवसाय मनगटाचा होता. म्हणून 3,12,000. त्यावर उपचार, प्रवास, मदतनिशीचा खर्च, वेदना, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

निकाल वाचताना मला आकड्यापेक्षा एक परिच्छेद जास्त भावला. त्यात ती रोज सुमारे ऐंशी पोळ्या करत होती, हे 'सिद्ध झाले आहे' असे लिहिले होते. जे आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो, ते सिद्ध व्हायला पाच वर्षे लागली.

या पद्धतीत उणिवा पुष्कळ आहेत आणि सगळ्यात मोठी उणीव वेळेची. पैसे लागतात अपघाताच्या रात्री, मिळतात हाड जुळून विसरल्यावर. आमच्या रुग्णालयाचे बिल सोने तारण ठेवून भरले होते. व्याजाच्या रकमेत त्याची भरपाई झाली असे म्हणायला कागदोपत्री हरकत नाही. अलीकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. 1 एप्रिल 2022 पासून पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीसाठी सविस्तर निर्देश दिले. 2025 पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. ती खरोखर खाटेपर्यंत पोचली, तर वॉर्डात येऊन बसणाऱ्या त्या गृहस्थाचे निम्मे काम संपेल. मात्र त्याच 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदतही लागू झाली. हातात प्लास्टर, घरात लहान मुले आणि गाठीला पैसा नाही अशा माणसाचे सहा महिने कसे उडून जातात, हे त्यातून गेलेल्याला सांगायला नको. ज्याला दावा लावायचा आहे त्याने आधी वकिलाकडे जावे, कागद नंतर जमतात.

निकालानंतर एका संध्याकाळी पिकअपचा तो चालक घरी आला. कोर्टात तो कधी आला नव्हता. फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल करून त्याने दंड भरला होता. विशीतला पोरगा, हातात केळ्यांची पिशवी. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "मावशी, हात कसा आहे आता?" तिने त्याला आत बोलावून चहा दिला आणि गाडी कुठल्या बाजूने चालवायची यावर चांगली तासभर शिकवणी घेतली. त्याच्या चुकीचे पैसे कंपनीने भरले होते, तरी त्याच्या मनातला हिशेब उरला होता. न्यायाधिकरणाला तो मिटवता येत नाही आणि त्याने तसा दावाही कधी केलेला नाही.

आमच्या हाती जे आले त्यातला काही भाग न्यायाधिकरणाच्या आदेशाने मुदत ठेवीत गेला. उरलेल्यातून कणीक मळायचे यंत्र आले, लाटायला शेजारच्या गल्लीतल्या एक बाई येऊ लागल्या, आणि ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. बायको आता लाटत नाही. पीठ, भाव आणि गिऱ्हाइके सांभाळते. पावतीपुस्तक छापून घेतले आहे, पैसे मोबाइलवर येतात, महिन्याचा आकडा तिला तोंडपाठ असतो. लोक सल्ला विचारायला येतात तेव्हा मी सांगतो, की दावा जरूर लावा. पण उपचार, व्यायाम, कामधंदा हे सगळे दावा नसल्यासारखे चालू ठेवा. आणि घरात ज्याच्या कमाईला कागद नाही, त्याचा कागद आजपासून करायला घ्या. तो कोर्टात दाखवायची वेळ कुणावर येऊ नये. पण ती कमाई निदान घरातल्यांनी तरी मोजलेली असावी. आमच्याकडे ते मोजायला न्यायाधीश लागले.